कौसामावशीचं झबलं

मावशी, काल दुपारी तू पुन्हा वॉर्डात आली होतीस.

जेवणं उरकून बाळंतिणी आडव्या झाल्या होत्या. बाहेर आभाळ आलेलं, आत पांढऱ्या मच्छरदाण्या आणि दुधाचा वास. मी टेबलावर हातांवर डोकं टेकवलं तेवढ्यात तू मोरीच्या दारातून आलीस. पदर कमरेला खोचलेला, पाय अनवाणी. एकेका पाळण्यापाशी थांबून बाळाच्या तळपायाला बोट लावत पुढं निघालीस. तू अशीच मोजायचीस. मेंढरं मोजताना पाठीला हात लावायचा, तोंडानं आकडा बोलायचा नाही, असं तुझ्या बापानं शिकवलेलं, आणि तू ते आमच्या बाळांना लावलं होतंस. शेवटच्या पाळण्याजवळ तू मागं वळलीस आणि विचारलंस, "शेगडी चालू हाय ना, पोरी?" मी हो म्हणाले आणि माझ्याच आवाजानं जागी झाले. समोरच्या कॉटवरची बाई माझ्याकडे बघत होती. "सिस्टर, कोन आल्तं?" तिनं विचारलं. मी म्हणाले, कुणी नाही, झोप तू.

तुला जाऊन बारा दिवस झाले. दहाव्याला मी केदारखेड्याला जाऊन आले. तुझ्या सुनेनं, मंगलनं, माझ्या हातात एक गाठोडं दिलं. त्या गाठोड्याचं मागाहून सांगते, कारण त्याआधी मला तुझ्याशी भांडायचं आहे. तू असताना आपलं भांडण चहा आला की अर्धवट राहायचं. आता चहा आणणारं कुणी नाही.

पंधरा वर्षं आपण एका वॉर्डात काढली. मी सिस्टर, तू मावशी. चार लोकांत मी तुला 'अहो मावशी' म्हणायचे आणि तू मला 'सिस्टर', पण मोरीत कपडे पिळताना ते सगळं गळून पडायचं आणि मी तुझी पोरगी व्हायचे. मी नवी होते तेव्हा आंघोळ घालताना बाळाला आवळून धरायचे. रबरी बाहुलीवर शिकलेलं सगळं त्या ओल्या, निसटत्या अंगापुढं विसरायला व्हायचं. तू माझ्या मनगटाखाली तुझा हात धरलास आणि म्हणालीस, "कोकरू धरल्यावानी धर. घट बी न्हाई, ढिलं बी न्हाई. त्याला वाटलं पाह्यजे की आपुन पडणार न्हाई." नर्सिंगच्या पुस्तकातलं बरंच आता आठवत नाही, हे आठवतं.

आपलं भांडण होतं झबल्यावरून. अगदी पहिल्या वर्षापासून.

वॉर्डात आलेल्या नव्या पोरींना ते झबलं माहीत नाही, म्हणून पुन्हा सांगते. बाळाच्या अंगावर पहिलं कापड नवं घालायचं नाही, ही आपल्याकडची रीत. वापरलेलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं घालायचं, आणि तेही ज्या घरात लेकरू धडधाकट वाढलं त्या घरातून मागून आणायचं. तुझी पहिली दोन बाळं राहिली नाहीत. तिसऱ्या वेळी जावेनं तिच्या पोराचं झबलं दिलं, ते घालून तुझा लक्ष्मण जगला, वाढला, आज ट्रॅक्टर चालवतो. तेच झबलं तू वॉर्डात आणलंस. पांढऱ्या धोतराच्या कापडाचं, गळ्याला लाल दोऱ्याची बारीक टीप, एक बंद तुटून तिथं नाडीचा तुकडा लावलेला. ज्या बाईची आधीची बाळं गेलेली असत तिच्या बाळाला तू ते पहिल्या आंघोळीनंतर घालायचीस, दिवसभर ठेवायचीस, मग काढून पातेल्यात उकळायचीस. पुढं पुढं सगळ्याच बाया मागायला लागल्या. लांबच्या गावांहून आलेल्या सासवा डॉक्टरांच्या आधी तुझी चौकशी करायच्या, "केदारखेड्याची मावशी कोन्ती?"

मी हसनाबादच्या मास्तरांची लेक. आमच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकांचं कपाट, आणि दृष्ट, अंगारा, गंडेदोरे यांना बाबांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. मी तुला म्हणायचे, मावशी, एकाचं कापड दुसऱ्याला नाही, साधा नियम आहे. तू म्हणायचीस, "नेम मला बी कळतो. म्हनून तर उकळून राह्यले ना." मग नवंच का नको, असं मी विचारायचे. तू झबलं झटकायचीस आणि म्हणायचीस, "नव्या कापडात अजून कोनी हसलेलं नसतंय." मग मी चिडायचे.

मग माझी सुजाता आली. महिनाभर आधी, दीड किलोची. ज्या वॉर्डात मी हुकूम सोडायचे त्याच वॉर्डात मी कॉटवर पडले होते आणि बाबा बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. तू झबलं हातात घेऊन नुसती उभी राहिलीस. मी भिंतीकडे तोंड वळवलं आणि म्हणाले, घाल. बाबांनी दारातून पाहिलं असणार, पण ते कधी बोलले नाहीत. सुजाताच्या नामकरणाला घरात त्रिशरण म्हणत होतो तेव्हा तू मागं भिंतीला टेकून हात जोडले होतेस आणि शब्द येत नसताना ओठ हलवत होतीस. त्या दिवसापासून झबल्याला नियम दाखवायची माझी ताकद गेली. भांडले मी पुढंही, पण ते सवयीनं.

आता तो भादव्यातला आठवडा.

आठ दिवस ऊन नव्हतं. धड पाऊसही नाही, नुसती भुरभुर, आणि दोऱ्यांवरचे लंगोट वाळायचं नाव घेत नव्हते. त्यात मोरीतल्या विजेच्या शेगडीची कॉइल जळली. तू टेबलाशी आलीस. "सिस्टर, शेगडी गेली. लिहून दे जल्दी." मी लगेच मागणीपत्र लिहिलं, सही केली, तारीख टाकली. तू समोर उभी राहून बशीतून चहा पीत होतीस. एक थेंब कागदाच्या कोपऱ्यावर सांडला, तो तू पदरानं टिपलास. तेवढ्यात लेबर रूममधून हाक आली. मी कागद रजिस्टरात खुपसला आणि धावले.

तो कागद ऑफिसात गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी मी विसरले, तिसऱ्या दिवशी मला वाटलं की गेला. एवढीच गोष्ट आहे, मावशी, आणि ती मी तुला कधी सांगितली नाही.

पुढच्या सोमवारी चार नंबरच्या बाळाच्या मानेवर दोन पिवळे फोड दिसले, ज्वारीच्या दाण्याएवढे. मी बाळांच्या डॉक्टर मॅडमना दाखवले. मंगळवारी आणखी दोन बाळांना काखेत आणि जांघेत आले. गुरुवारपर्यंत फोड आलेली सात बाळं झाली. मॅडम वयानं लहान, पण डोकं शांत. त्यांनी वॉर्ड बंद केला. नवी बाळंतीण आत घ्यायची नाही, फोड आलेली बाळं एका बाजूला, चांगली दुसऱ्या बाजूला, हात धुतल्याशिवाय कुणी बाळाला शिवायचं नाही, पाहुणे बंद. नळांचे, वजनकाट्याचे, आमच्या सगळ्यांच्या हातांचे नमुने तपासणीला गेले. निकाल यायला चार दिवस लागणार होते, आणि तोवर जंतू काही हात बांधून बसणार नव्हते.

कागदावर सगळं नीट होतं. पण दाराला चिकटवलेली सूचना वाचतो कोण? डबा घेऊन आलेला काका या टोकाहून त्या टोकाला जायचा. आजी आपला नातू बघून झाल्यावर शेजारच्या बाळाच्याही गालाला हात लावायची, कारण आपल्याकडे बाळ बघायला आलं की सगळीच बघायची असतात, एकच बघून निघणं बरं दिसत नाही. तू दिवसभर हे पाहिलंस आणि शुक्रवारी सकाळी गेरूचं डबडं घेऊन आलीस. मेंढरांत रोग शिरला की तुझा बाप आजारी मेंढरांच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढायचा आणि दोन कळप वेगळे बसवायचा. ज्याचा हात आजाऱ्यांना लागला तो त्या दिवशी चांगल्यांकडे जाणार नाही, मग तो मालक का असेना. तू ओणवी झालीस आणि वॉर्डाच्या मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, गेरूची रेघ ओढलीस. मग तिच्यावर स्टूल टाकून बसलीस.

मॅडम राउंडला आल्या आणि रेघेशी थबकल्या. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण त्यांनी तुलाच विचारलं, "मावशी, मी कुठून सुरू करू?"

"चांगल्या लेकरांपासून. मंग हिकडं. हिकडं आलं की आज परत तिकडं न्हाई."

"बरोबर. पुस्तकातही असंच आहे."

"मंग पुस्तकात रेघ हाय का?"

त्या आठवड्यात आपण तिघी पहिल्यांदा हसलो ते तेव्हा.

त्याच दुपारी कुंभार पिंपळगावच्या शोभाची लेक दूध ओढेना झाली. शोभाची आधीची दोन बाळं गेलेली. ही तिसरी, पावणेदोन किलोची, आणि सात बाळांत सगळ्यांत नाजूक. फोड तिच्या पोटावरही पसरले होते. अंग गार पडायला लागलं तसं मॅडमनी तिला काचेच्या खोलीत नेलं, इवल्याशा हाताला सलाईन लावलं. शोभा नुसती कॉटच्या कडेला बसून होती, रडतही नव्हती. सासू मात्र तावातावानं रेघेशी आली.

"मला नातीचं तोंड पाहू दे."

"तोंड कुठं पळून चाललं न्हाई, बाई," तू म्हणालीस. "तुमी आत्ता त्या कडंच्या चांगल्या बाळाला कुरवाळून आल्या, आतून आल्यावर बी कुरवाळाल. मी बघितलं."

"मी आजी हाय तिची."

"मंग आजीवानी वागा. बसा हितं माझ्यापाशी. तिचं काय चाललंय ते बिलकुल खरं खरं सांगते मी."

आणि ती बसली. ती रेघेच्या त्या बाजूला फरशीवर, तू स्टुलावर. काचेतून आत डोकवायचीस आणि तिला सांगायचीस, "श्वास चालू हाय. बराबर चालू हाय." मधल्या वेळात तू तिला लहानपणीचं सांगत होतीस. धुक्यात मेंढरं घेऊन निघालं की पुढचं काही दिसत नाही, म्हणून तुझा बाप हाताचं बोट सोडून द्यायचा आणि म्हणायचा, आवाजाच्या मागं चाल. चहूकडं पांढरं, आणि त्या पांढऱ्यात फक्त कोकरांचं ओरडणं. तू किती हळू बोलत होतीस. ऐकता ऐकता मला वॉर्डाच्या भिंती दिसेनाशा झाल्या, मच्छरदाण्या तेवढ्या राहिल्या, आणि त्यांच्यातून एकेक बाळ ओरडत होतं. मी शोभाच्या लेकीच्या आवाजाकडे कान लावला. तिचा आवाज येत नव्हता.

मी टेबलाशी कागदावर चौकटी आखत होते. मॅडमनी सांगितलं होतं, या सात बाळांत एक गोष्ट सारखी असणार, ती शोधा. कॉट जुळेनात. वजनकाटा धरावा तर त्यावर सगळीच बाळं गेली होती. आंघोळ घालणाऱ्या दोघी वेगळ्या. मी पेन ठेवून खिडकीकडे पाहिलं. गजाला तुझं झबलं वाळत घातलेलं होतं. वाऱ्यानं त्याची एक बाही हलत होती, आतून कुणीतरी हात हलवल्यासारखी. मी बघत राहिले आणि एकेक बाळ मला त्या झबल्यात दिसायला लागलं. चार नंबरचं. सात नंबरचं. जुळ्यांतलं थोरलं. धाकटं जन्मापासून काचेच्या पेटीत होतं, त्याला झबलं घातलं नव्हतं, आणि त्याच्या अंगावर एकही फोड नव्हता. मग शोभाची लेक. तिला तर शोभानं हाता-पाया पडून घालून घेतलं होतं.

तुझं माझ्याकडे लक्ष होतं. तू स्टुलावरून उठलीस, हात धुतलेस, माझ्या मागं येऊन उभी राहिलीस. चौकटी तुला वाचता येत नव्हत्या, पण मी कुठं बघते ते तुला दिसलं. तू खिडकीपाशी गेलीस, झबलं काढलंस, नाकाशी धरलंस आणि घडी न घालता माझ्यापुढं ठेवलंस.

"रोग आला की नवं काय आलं ते बघत्यात आधी," तू म्हणालीस. "मी जुनं बघायचं इसरले."

"मावशी, थांब जरा."

"थंड पान्यात धुतलं गं मी. बाया ऐकंनात. शेगडी आज येईल, उद्या येईल म्हनून..." तू तिथं थांबलीस आणि माझ्याकडे पाहिलंस. "जाळून टाक हे," एवढंच म्हणालीस, आणि परत जाऊन रेघेवर बसलीस.

मी ते जाळलं नाही. मॅडमकडे नेलं, त्यांनी नमुना घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनीच वायरमनला बोलावून शेगडी दुरुस्त करून घेतली. दहा मिनिटांत नवी कॉइल बसली. मी मोरीच्या दारात उभी राहून ती लाल होताना पाहिली. दहा मिनिटांचं काम होतं ते.

झबलं थांबलं तसे फोड थांबले. रविवारनंतर नवं एकही बाळ आजारी पडलं नाही. निकाल आले, त्यात नळ, काटा, हात सगळे स्वच्छ निघाले आणि जंतू निघाला झबल्यात. शोभाची लेक नऊ दिवस काचेत होती. नवव्या दिवशी सकाळी तिनं तोंड वेडंवाकडं केलं आणि एकदाची रडली, असा काही सणसणीत आवाज की सासू बाहेरच्या झाडाखालून धावत आली. रेघ अजून होती, अर्धी पुसलेली. सासू रेघेशी थांबली, तुझ्याकडे बघून म्हणाली, "येऊ का?" तू नुसती मान हलवलीस.

नंतर जिल्ह्याहून तिघंजण चौकशीला आले. एकेकाला आत बोलावलं. तुझ्यानंतर माझी पाळी होती, म्हणून मी दाराबाहेर होते आणि तुझा आवाज मला ऐकू येत होता. कपडे उकळत का नव्हता, असं त्यांनी विचारलं. तू म्हणालीस, "साहेब, कटाळा केला मी. शेगडी चालू व्हती." शेगडी तर चालू व्हती, मावशी, ते आले तेव्हा. मी आत गेले. त्यांनी विचारलं, मावशी म्हणतात ते खरं का? मी म्हणाले, मला काही सांगता येणार नाही.

मी भ्याले होते. इन्चार्जची ऑर्डर नुकती मिळाली होती, सुजाता लहान होती, बाबांचं दुखणं चालू होतं. ही कारणं आहेत, पण त्या वेळी मी ही मोजलीसुद्धा नाहीत. मी नुसती भ्याले. त्या संध्याकाळी रजिस्टर उघडून मी तो कागद शोधला. पानन् पान उलटलं. कागद नव्हता. कुठंतरी पडला, झाडूत गेला असं वाटलं आणि मला सुटल्यासारखं झालं. हे लिहिताना लाज वाटते.

तुझ्या सेवापुस्तकात शेरा पडला आणि तुला बाळांच्या वॉर्डातून काढून बाहेरच्या झाडलोटीला लावलं. शेवटची दोन वर्षं तू ओपीडीची फरशी पुसलीस. वॉर्डाच्या दारापर्यंत यायचीस, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची नाहीस. पाळण्यांकडे बघून लांबूनच बोट हलवायचीस, एक एक करून, आणि मोजून झालं की जायचीस. मी तुझ्यासाठी चहा घेऊन बाहेर यायचे. आपण सुनांवर बोललो, कापसावर बोललो, मॅडमच्या नव्या चष्म्यावर बोललो. एकदा मी धीर केला. "मावशी, ती शेगडी..." तू कप माझ्या हातात दिलास. "आता चालू हाय ना? मंग झालं."

मला वाटलं, तुला माहीत नाही. म्हणून तू असं म्हणतेस.

निवृत्तीला शाल-नारळ झाला आणि तू गावी गेलीस. सहा महिने झाले असतील. मंगल म्हणाली, दुपारी जेवली, जरा पडते म्हणाली, अन् उठलीच नाही. निरोप आला तेव्हा माझ्या वॉर्डात दोन बाया कळा देत होत्या. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. म्हणून दहाव्याला गेले. भोकरदनच्या रस्त्याला दोन्हीकडं मका उभा होता आणि त्याच्यावर सकाळचं धुकं होतं. एसटीच्या काचेला डोकं टेकून मी झोपले असेन बहुतेक, कारण केदारखेडा येईपर्यंत तू माझ्या शेजारच्या सीटवर होतीस आणि बाहेर बघत होतीस.

मी पिशवीत झबलं नेलं होतं. मॅडमनी ते नष्ट करायला सांगितलं होतं. मी घरी नेऊन तीनदा उकळलं, गच्चीवर उन्हात टाकलं, आणि तेव्हापासून कपाटात ठेवलं होतं. ते मी मंगलच्या हातात दिलं आणि तिनं मला गाठोडं दिलं. सुजाताचा शाळेतला फोटो होता त्यात. निवृत्तीच्या हाराची वाळलेली फुलं. आणि प्लास्टिकच्या पिशवीत चार घड्या घातलेला कागद.

अक्षर माझं होतं. "मोरीतील विजेच्या शेगडीची कॉइल जळाली असून तातडीने बदलून मिळावी." खाली माझी सही, माझ्या हातची तारीख. कोपऱ्यात चहाचा डाग.

"आई म्हनल्या, मी हाये तवर हे सिस्टरला देऊ नको, मंग दे," मंगल सांगत होती. "काय हाय म्हनून मी इचारलं, तर म्हनल्या, पोरीचं लेकरू ल्हान हाय."

अंगणात बायका बसल्या होत्या. मी तिथंच जात्याच्या कट्ट्यावर बसले आणि मोठ्यानं रडले, तुझ्या नात्यागोत्यातल्या बायकांपेक्षाही मोठ्यानं. त्यांना वाटलं असेल, सरकारी बाई, पण मायाळू दिसते.

आता भांडते. तुला वाचता येत नव्हतं, पण डाग तुझा होता, तू तो ओळखलास. चौकशीच्या आधी रजिस्टरातून कागद काढून घेतलास आणि मला विचारलं नाहीस. लंगोट उकळून उकळून ज्या बाईच्या बोटांची सालं निघाली, ती तीन साहेबांसमोर स्वतःला आळशी म्हणाली. कुणी सांगितलं होतं तुला? तू वॉर्डात एक रेघ ओढलीस ती सगळ्यांना दिसली. दुसरी ओढलीस ती मला दिसू दिली नाहीस. मला चांगल्या बाजूला बसवलंस आणि स्वतः तिकडं जाऊन बसलीस. मी ओरडले असते, नाही म्हणाले असते, असं मला म्हणायला आवडेल. पण तू मला ओळखत होतीस. मी नाही म्हणाले नसते. म्हणूनच तू विचारलं नाहीस, आणि हेच मला सगळ्यांत जास्त लागलं.

आणि तरी, मावशी, ती दोन वर्षं मी सुजाताला शाळेत सोडत होते, बाबांना दवाखान्यात नेत होते, पगार वेळेवर होत होता, त्या प्रत्येक सकाळी तुझा हात माझ्या मनगटाखाली होता. घट बी न्हाई, ढिलं बी न्हाई. मला कळलंसुद्धा नाही की कुणी धरलंय. तुझे उपकार मानते असं तुला म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, "जा, लंगोट पिळ." म्हणून नाही म्हणत.

गावाहून आल्यापासून तो कागद माझ्या पर्समध्ये होता. काल दुपारी तू शेगडीचं विचारलंस, मी हो म्हणाले, आणि जागी झाल्यावर मला कळलं की दोन वर्षांपूर्वी हेच विचारून तू मला मोकळं केलं होतंस. मला आता तसं मोकळं राहायचं नाही. घरी गेले आणि अर्ज लिहिला. काय झालं, कोणाकडून राहिलं, चौकशीत कोण खोटं बोललं आणि कोण गप्प बसलं. शेवटी लिहिलं की कौसाबाईंच्या सेवापुस्तकातला शेरा चुकीचा आहे, तो काढावा आणि जिथं पडायला हवा तिथं टाकावा. सुजाताला वाचून दाखवला. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "ते झबलं मीपण घातलं होतं ना?" मी हो म्हणाले.

आज सकाळी आधी मोरीत गेले, शेगडीचं बटण दाबून कॉइल लाल झालेली पाहिली. मग मॅडमच्या टेबलावर दोन्ही कागद ठेवले. त्यांनी अर्ज वाचला. मग जुना कागद उलगडला, त्याच्या घड्या हातानं सारख्या केल्या, तारीख वाचली, डागावरून बोट फिरवलं.

"सिस्टर, हा इतके दिवस होता कुठं?"

"कौसामावशीकडे," मी म्हणाले. "तिनं सांभाळला."